पेरीनच्या गालावरची हिरवी सावली

मित्रांनो, मी एक जुना फडका आहे. तव्याला चरबी पुसायचा. माझ्या जवळ आलात तर नाक मुरडाल, आणि त्यात तुमचा दोष नाही. पण मीही कधीकाळी दुधासारखा पांढरा आणि पाच हात लांब होतो. आणि एका उन्हाळ्यात मी चित्रही होतो.

माझा जन्म फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीतल्या समुद्राकाठच्या एका गावात, काटेल नावाच्या विधवेच्या वावरात झाला. तेव्हा मी जवसाचं रोप होतो. माझ्या डोक्यावर निळी फुलं डुलत. मग मला उपटलं, डबक्यात कुजवलं, लाकडी दात्यांनी कुटलं. "कुटल्याशिवाय कुणाचं सूत होत नाही," असं काटेल म्हणे. म्हणताना ती माझ्याकडे नाही, आपल्या मुलीकडे बघे.

मुलीचं नाव पेरीन. तिनेच मला चातीवर कातलं आणि विणकराकडून विणून आणलं. मग तिने माझी घडी लग्नाच्या पेटीत ठेवली. पाणचक्कीवाल्या फांतबाईच्या मुलाशी, रिवालशी, तिचं लग्न ठरलं होतं. मी तिच्या नव्या संसारातली चादर होणार होतो. पेटीच्या अंधारात मला त्याचं फार सुख वाटे.

त्याच साली काटेलच्या माडीवर एक भाडेकरू आला, ओनेझीम व्हेर्दिए. ल्यों शहरातल्या टोपीवाल्याचा मुलगा. पॅरिसच्या एका कचेरीत त्याने बारा वर्षं नकाशे रंगवले. एके दिवशी त्याने नकाशातली नदी गुलाबी केली, कारण संध्याकाळी ती तशीच दिसते; आणि नोकरी गेली. मग तो चित्रंच काढू लागला. जाड निळ्या रेघेने आकार बांधायचा आणि आत एकेक रंग सपाट भरायचा, अशी त्याची रीत. पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनाने त्याची चित्रं तीनदा परत पाठवली. जी टांगली गेली, त्यांच्यापुढून लोक जांभया देत गेले. आमच्या गावाने जांभया दिल्या नाहीत, थट्टा केली. "काय पॅरिसकर," कोळी विचारत, "आज आमची गाय कुठल्या रंगाची?"

भर उन्हाळ्यात त्याचं कापड संपलं. शहरातून गाडी यायला आठ दिवस होते. तो पिंजऱ्यातल्या वाघासारखा अंगणात येरझारा घालू लागला. पेरीनला ते बघवेना. तिने पेटी उघडून मला काढलं.

"अगं, तुझी आई?" तो म्हणाला.

"आईला मोजायचा कंटाळा आहे. घ्या मुकाट्याने, पाहुणे."

त्याने मला चौकटीवर ताणलं, सरस लावला, पांढरा हात दिला. पेरीनला सफरचंदाच्या झाडाखाली फळ सोलायला बसवलं.

"हलू नकोस. उजेड पळतोय."

"उजेड पळतोय हो, पण मुंग्या माझ्या पायावरच मुक्कामाला आल्यात!"

नऊ दुपारी ती तशी बसली. चित्र झालं तेव्हा ती पुढे आली आणि थबकली. "अहो पाहुणे, माझा गाल हिरवा?"

"पानांची सावली आहे ती. तुला दिसत नाही, कारण तू गालाच्या आत राहतेस."

ती खळखळून हसली. मित्रांनो, त्या हसण्याएवढं मोल मला पुढे कुणी दिलं नाही.

सुगीनंतर गावात प्रवचनाचा सप्ताह बसला. आमच्याकडचं प्रवचन नुसतं बोलायचं नसतं, गायचं असतं. चर्चमध्ये दोरीवर मोठमोठी चित्रं टांगतात. प्रत्येकावर एक चेहरा, आणि त्याखाली त्या माणसाचं काळीज. काळजात गर्वाचा मोर, मत्सराचा साप, आळसाचं कासव. फादर हातातल्या काठीने दाखवत जातात, प्रश्न विचारतात, लोक उत्तरं देतात, आणि मग सगळे मिळून ध्रुपद धरतात. काटेलच्या कोठारात मी रंग वाळवत उभा होतो; ते सूर तिथे माझ्यापर्यंत येत, आणि माझा धागा न् धागा थरारे. देवाचं नाव चारशे गळ्यांतून निघतं तेव्हा फडक्यालाही आत्मा असावा असं वाटतं. आजही वाटतं.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या गावाने जन्मात चित्रं पाहिली ती एवढीच. चित्र म्हणजे आत्म्याची अवस्था. दुसऱ्या कशासाठी कुणी चित्र काढत असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

व्हेर्दिएला ती चित्रं वेड लावत. "जाड रेघ, सपाट रंग! हेच माझे गुरू," तो म्हणे. सहाव्या दिवशी सकाळी त्याने मला नेलं आणि दोरीच्या शेवटी टांगून दिलं. याहून मोठा मान नाही, असं त्याला वाटलं. विचारलं कुणालाच नाही. ना फादरांना, ना पेरीनला.

फादर गोनेरी परगावचे, म्हातारे, नजरेने अधू. गळा मात्र मधाचा. एकेक चित्र गात ते माझ्यापुढे आले. क्षणभर थांबले. धर्मपीठाने नवं चित्र पाठवलं असेल, असं त्यांनी धरलं आणि काठी उचलली.

"आणि ही पाहा, लेकरांनो! गाल कसला?"

"हिरवा!"

"हिरवा रंग कशाचा?"

"मत्सराचा!"

"हातात काय?"

"सुरी!"

"आणि फळ कुणाचं?"

"हव्वेचं!" सारं चर्च गरजलं.

मग बायकांच्या बाजूने कुजबुज उठली. "अगं बाई, ही तर काटेलची पेरीन!" ध्रुपद सुरू झालं. प्रत्येक समेला काठी माझ्या हिरव्या गालावर बसत होती. पेरीन तिसऱ्या रांगेत होती. तिच्या शेजारणीने आपला घागरा हळूच आवरून घेतला.

बाहेर पडताना फांतबाईने काटेलला गाठलं. "पोरीला लहानपणापासून बघतेय गं, पण आत काय आहे ते आज कळलं."

"फांत, अगं त्या वेड्या पॅरिसकराने..."

"म्हणजे फादर खोटं बोलले?"

आमच्या गावात फादर खोटं बोलत नसतात. दुसऱ्या दिवशी सोयरीक जुळवणारा शिंपी आला. उंबऱ्यातच उभा राहिला, धिरडं नको म्हणाला, आणि पेरीनने रिवालला सोयरिकीची खूण म्हणून दिलेली फीत दाराच्या चौकटीवर ठेवून गेला. रिवाल गोठ्यामागे भेटला. "आईला विचारून बघतो," एवढंच त्याच्याने बोलवलं.

पेरीन माडीवर गेली. पुढचं तिनेच कैक वर्षांनी तवा घासताना मला सांगितलं.

व्हेर्दिए तापल्यासारखा फेऱ्या मारत होता. "पाहिलंस? पॅरिसमध्ये जांभया, आणि इथे चारशे माणसं थरथरली!"

"ती मला बघून थरथरली, पाहुणे. आज शेवटचं प्रवचन आहे. उभे राहा आणि एकच वाक्य बोला. म्हणा, ती पानांची सावली होती."

त्याने कुंचला पुसला. पुन्हा पुसला. "तसं म्हटलं, पेरीन, की ते नुसतं झाडाखालचं चित्र होईल."

"अहो, ते झाडाखालचंच आहे!"

त्याने कुंचले पेटीत भरायला घेतले. दुष्ट नव्हता हो तो; उपाशी असूनही कुत्र्याला अर्धी भाकर देणारा माणूस. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं चित्र डोळे फाडून पाहिलं होतं, आणि ते त्याला सोडवेना. संध्याकाळी तो मासळीच्या गाडीत बसून गेला. मला न्यायलाही आला नाही. "ते चर्चमध्येच राहू दे," म्हणाला, "तिथेच शोभतं."

मी शेवटच्या प्रवचनालाही दोरीवरच होतो. काठी माझ्यावर आली आणि पेरीन उठून उभी राहिली. चर्चमध्ये बाई बोलत नाही; तरी ती बोलायला उभी राहिली. तिचे ओठ हलले. "फादर, ती सावली..."

फादरांचे डोळे भरून आले. "पाहा!" ते म्हणाले. "पश्चात्तापाने उठलेली लेक! गा लेकरांनो, हिच्यासाठी गा!"

आणि चारशे माणसं रडत रडत गायली. फांतबाई सगळ्यांत मोठ्याने. पेरीन ओरडून सांगत होती, पण त्या सुरांतून तिचा शब्द माझ्यापर्यंतही आला नाही. मित्रांनो, इतकं गोड गाणं मी पुन्हा ऐकलं नाही, आणि इतकं निर्दयही. गाणं खोटं नव्हतं. काठी चुकली होती, आणि जो ती थांबवू शकत होता तो गाडीत बसून निघून गेला होता.

सप्ताह संपला तसं चर्चच्या सेवकाने मला काटेलच्या दारात टाकलं. काटेलने चौकट चुलीत घातली आणि मला राखेच्या पाण्यात उकळत ठेवलं. "बडव," ती मुलीला म्हणाली, "तुझा चेहरा तूच बडव." पेरीनने ओढ्याच्या दगडावर स्वतःचा चेहरा मोगरीने बडवला. डोळे आधी गेले. मग हात, सुरी, फळ. हिरवा तेवढा तिसऱ्या उकळीपर्यंत चिकटून राहिला.

मी पुन्हा कापड झालो. गाव मात्र विसरलं नाही. रिवालने दुसरी केली. पोरं पेरीनच्या मागून "हिरवी, हिरवी" ओरडत, ती पोरं बाप झाली तरी. माझी चादर झालीच नाही. आधी पीठ चाळायला, मग पिशवी, मग फडका, असा मी झिजत गेलो.

बऱ्याच वर्षांनी पॅरिसहून दोन सभ्य गृहस्थ आले. व्हेर्दिए दक्षिणेच्या एका बंदरात तापाने वारला होता, आणि मेल्यावर थोर झाला होता. त्याच्यावर जाडजूड पुस्तक निघालं होतं.

"आजी, त्यांनी एका पत्रात इथल्या चित्राचं वर्णन केलंय. ते हरवलंय. तुम्हाला काही आठवतं?"

पेरीन तव्यापाशी होती. तिने पीठ ओतलं. "त्या पुस्तकात गालाचं काही लिहिलंय का हो?"

"तर! एक पूर्ण प्रकरण आहे. हिरवा गाल म्हणजे त्या मुलीच्या अंतरंगातला मत्सर. विद्वानांचं त्यावर एकमत आहे."

धिरडं एका कडेने करपू लागलं. पेरीनने ते उलथलं, उतरवलं, मला उचललं, चरबीत बुडवून तवा पुसला आणि दुसरं ओतलं. गृहस्थांनी तीन-तीन खाल्ली. फार छान झाली आहेत, म्हणाले, आणि गेले.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. फडके फाटायलाच जन्मतात, आणि देव फाटक्यालाही वाऱ्यावर सोडत नाही. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच. कुणाच्या गालावर हिरवं दिसलं, तर बोट उचलण्याआधी वर बघा. तिथे झाड असेल.