काठावरची हिरवी कड

मित्रांनो, या जेवणघराच्या भिंतीवर एक लालसर कढई टांगलेली आहे, तीच मी. मी एक जुनी तांब्याची कढई आहे. आता माझ्यात काही शिजत नाही. माझ्या अंगाला चकचकीत रोगण फासले आहे आणि पोटात कापडाची फुले खोचली आहेत. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. त्या फुलांचा मला मनस्वी राग येतो, पण भिंतीवरच्या भांड्याच्या रागाला विचारतो कोण?

माझा जन्म तुर्कस्तानच्या सीमेजवळ, अखलत्सिखे गावातल्या तांबटांच्या बाजारात झाला. गारेगिन नावाच्या म्हाताऱ्या तांबटाने मला सहा दिवस ठोकले. मला कल्हई मात्र केली नाही, कारण पाकाच्या कढईला कल्हई करत नाहीत. उकळत्या पाकाच्या आचेपुढे ती टिकत नाही. "साखर हिचं काही वाकडं करणार नाही," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "पण आंबट हिच्यात मुक्कामाला ठेवू नका. उकळा नि लगेच काढा. नाहीतर कळकेल, आणि मग माझ्या नावानं खडे फोडाल."

ते गिऱ्हाईक म्हणजे मक्वालाचे वडील. लेकीच्या लग्नात त्यांनी मला तिच्याबरोबर बोर्जोमीच्या वरच्या अंगाला, पाइनच्या रानातल्या गावात पाठवले.

मे महिना सरत आला की गावातल्या बायका रानात शिरत. पाइनची कोवळी हिरवी बोंडे हवीत, अंगठ्याच्या पेराएवढी, नख लावले की आत गेले पाहिजे. दहा दिवस उशीर झाला तर त्यांचे लाकूड होते. चिकाने बायकांचे हात काळे होत, ते तेल चोळून सोडवावे लागत. मग बोंडे धुऊन माझ्यात पडत, वर साखर आणि झऱ्याचे पाणी. एक उकळी आली की हिरवट फेस काढायचा आणि सगळे चिनी लेपाच्या पातेल्यात ओतून रात्रभर निववायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यात. असे तीन दिवस केले की बोंडे गर्द तांबडी आणि मऊ होत, आणि पाक असा दाट, गोड आणि मागून कडवट होई की खोकला एका चमच्यात दबत असे.

गल्लीत माझ्यासारखी कढई दुसरी नव्हती. शेजारच्या लमाराकडे अॅल्युमिनियमचे पातेले होते, त्यात पाक राखाडी पडे. म्हणून ती दर वर्षी मला मागून नेई. मला घासावे ते लमारानेच! चुलीतली राख आणि आंबट आलुबुखाराचा गर घेऊन ती मला अशी उजळे की मक्वाला चिडवायची, "अगं, कढई परत दिलीस की आरसा?" लमारा म्हणायची, "तोंड बघ त्यात. दोन दिवसांत विंचरलेलं दिसत नाही." आणि ती मला कधी रिकामी परत करत नसे. कधी मूठभर अक्रोड, कधी चार अंडी. रिकामे भांडे शेजाऱ्याच्या दारात नेणे आमच्याकडे शोभत नाही.

मित्रांनो, पुढचे सांगताना माझे तांबे अजून कडू होते.

एका वर्षी देशात लढाई पेटली होती. वीज तासन् तास नसे आणि दुकानात साखर औषधालाही मिळत नव्हती. लमाराच्या भावाने तुर्कस्तानच्या सीमेवरून अर्धी गोणी साखर आणली. तिने मला नेले आणि पाक केला. लिंबू कुठले मिळायला? पाक दाणेदार होऊ नये म्हणून तिने आलुबुखाराचा रस घातला. काचेच्या बरण्या संपल्या तेव्हा वीतभर पाक माझ्यातच उरला. "हा जेमाल भाऊजींना," ती स्वतःशीच म्हणाली. जेमाल म्हणजे मक्वालाचा नवरा. लाकूड कापण्याच्या कारखान्यात भुसा खाऊन खाऊन त्याची छाती भरली होती, आणि त्याचा खोकला कुंपणापलीकडे ऐकू येई.

लमारा मला लगेच परत नेणार होती. तेवढ्यात शेजारच्या गावातून तिच्या आत्याच्या मृत्यूची बातमी आली. माझ्यावर फडके बांधून ती धावली. आज येते, उद्या येते, असे करता करता पाचवा दिवस उजाडला. परतल्यावर रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिने मला उचलले आणि फडके न सोडताच मक्वालाच्या हातात दिले.

मक्वालाने फडके सोडले. पाकाच्या कडेने, माझ्या काठावर, हिरवीगार कड उमटली होती. तांब्याचा विषारी गंज, जंगाल चढले होते, मित्रांनो. मक्वाला तांब्याच्या भांड्यांत वाढलेली बाई. तिला कळले नसेल असे मी कधीच म्हणणार नाही. तिने मला तिरके केले, कडेवरून बोट फिरवले, आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली. आतल्या खोलीत जेमाल खोकत होता. वर्षभरात घराने साखर पाहिली नव्हती. तिने फडक्याच्या टोकाने कड पुसली, पाक गाळला आणि गरम पाण्यातून पेलाभर त्याला पाजला. पेल्यामागून पेला, असे तीन वेळा.

जेमालला उलट्या सुरू झाल्या. खालच्या गावच्या दवाखान्यात तो नऊ दिवस पडून होता. डॉक्टरांनी काय प्यायला दिले असे विचारताच मक्वाला म्हणाली, "शेजारणीनं पाठवलं होतं. पाच दिवस तांब्यात ठेवलेलं." यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तिने स्वतःचे बोट त्यातून काढून घेतले.

गावाला तेवढे पुरले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

लमारा कुंपणाशी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चुकलं माझं. ते त्यात ठेवायलाच नको होतं, मी मान खाली घालते. पण मक्वाला, एवढंच सांग, तुला हिरवं दिसलं नाही?"

"दिसलं असतं तर नवऱ्याला पाजलं असतं का गं?" मक्वाला म्हणाली, आणि दार लावून घेतले.

जेमाल वाचला. बिछान्यात बसून तो बायकोला म्हणे, "अगं, मी अजून मेलेलो नाही, तर हे सुतक कसलं? बोलव तिला." मक्वाला त्याचे पांघरूण सारखे करी आणि बाहेर निघून जाई. दोन वर्षांनी तो त्याच्या छातीच्या दुखण्यानेच गेला, तरी गाव म्हणाले, तो लमाराच्या पाकानेच आतून पोखरला. त्या दोन घरांत विस्तव जाईनासा झाला. रस्त्याकडेला बरण्या मांडून बसलेल्या लमारापुढे कोणी थांबेना. तिने रानात जाणे सोडले. चार वर्षांपूर्वी ती वारली. अंत्ययात्रेला सगळी गल्ली गेली, एक मक्वाला सोडून.

मला मात्र त्या दिवसापासून कोणी चुलीवर ठेवले नाही. माळ्यावर जळमटात पडून होते. पुढे मक्वालाच्या सुनेने, इर्माने, घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आणि मला भिंतीवर चढवले. तिला कोणी माझ्याविषयी विचारले की ती गंमत सांगावी तशी सांगते, "या कढईतून शेजारणीनं आमच्या सासऱ्यांना विष घातलं होतं!" पाहुणे डोळे मोठे करतात आणि पुन्हा फोटो काढतात. मक्वाला शेगडीजवळच्या खुर्चीत असते. ऐंशी उलटली तरी कान तिखट आहेत, सगळे ऐकते.

गेल्या महिन्यात एका पाहुणीने ती गोष्ट ऐकली आणि थेट तिलाच विचारले, "पण आजी, जंगाल तर लांबूनही दिसतं. तुम्हाला दिसलं नाही?"

मक्वालाने हातातली काठी खुर्चीला टेकवली. मग म्हणाली, "दिसणार कसं बाळा? संध्याकाळ झाली होती. त्या वर्षी दिवे नव्हते."

पाहुणीने समजुतीने मान हलवली आणि इर्माने तिला चहा दिला.

मित्रांनो, भरदुपार होती. खिडकीतले ऊन माझ्या तळापर्यंत पोहोचले होते.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवू नका. चुकून राहिलेच, तर किती का मोलाचे असेना, ओतून टाका. आणि तेवढा धीर झाला नाही, हातून चूक घडलीच, तर ती कुंपणापलीकडे ढकलू नका. बाई कुंपणाशी येऊन विचारत होती, तेव्हाच खरे सांगायचे होते. आता पलीकडच्या घराला कुलूप आहे.