चार सेकंदांचं मत

सकाळी उठलं की आधी चष्मा, मग कॉफी आणि मग जगाचा न्यायनिवाडा, असा इलियाचा क्रम ठरलेला होता. अंगणात द्राक्षवेलीच्या मांडवाखाली टेबल, टेबलावर फोन, आणि फोनवर बातम्यांचा रतीब. नवा फोन बाजारात आला, इलियाचं मत तयार: "कचरा आहे." बँकेचं ॲप बदललं: "आधीचंच बरं होतं." कुठल्याशा मालिकेचा दुसरा भाग आला: "पहिल्याची मजा नाही." पहिला भाग त्याने पाहिलेला नसायचा, ही गोष्ट वेगळी. शीर्षक वाचायचं, खाली मत ठोकून द्यायचं आणि पुढच्या बातमीवर जायचं.

त्याची बायको योन्का समोर बसून मिरच्या निवडत असायची. ती म्हणायची, "अरे, एखादी बातमी उघडून तरी बघ."

"छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलीत मी. आत काय असणार ते मला शीर्षकावरूनच कळतं."

"हो ना! म्हणूनच परवा भाजीत मिठाऐवजी साखर घातलीस. डब्यावरचं नाव वाचूनच घातलीस ना?"

यावर इलिया मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटायचा आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालायचा. माणूस वाईट नव्हता हो! लेस्कोवो गावात कोणाचाही रेडिओ, पंखा, पाण्याचा पंप बिघडला की इलिया पाना-पक्कड घेऊन हजर. पण निवृत्त झाल्यापासून त्याला कोणी विचारेनासं झालं होतं, आणि फोनमध्ये मात्र रोज कोणीतरी विचारत होतं: "तुमचं मत काय?" तो बिचारा इमानेइतबारे उत्तर देत होता.

जुलैच्या एका सोमवारी त्याला एक शीर्षक दिसलं. "आठ आज्या, एक माइक! रविवारच्या गाण्यांना तीन देशांत श्रोते." खाली गाण्याचा तुकडा होता. इलियाने तो चालू केला. एक, दोन, तीन, चार सेकंद ऐकला आणि बंद केला. मग दोन्ही अंगठे सरसावून त्याने लिहिलं:

"आवाज यंत्राने बनवलेला आहे. खऱ्या माणसाला गाताना मध्ये श्वास घ्यावा लागतो. इथे कोणी श्वासच घेत नाही. आज्याबिज्या कोणी नाहीत. लोकांना मूर्ख बनवणं बंद करा! इलिया, निवृत्त तंत्रज्ञ."

दुपारपर्यंत त्या मतावर पसंतीचे दोनशे अंगठे उमटले. संध्याकाळपर्यंत चारशे बारा. कोणी लिहिलं, "बरोबर पकडलंत काका!" कोणी लिहिलं, "मलाही तसंच वाटलं होतं." इलियाची छाती दोन इंच फुगली. आयुष्यात कधी एवढ्या माणसांनी त्याचं एकदम ऐकलं नव्हतं. गुरुवारी आणखी एक शीर्षक आलं: "तक्रारींनंतर आज्यांचा कार्यक्रम थांबवला." इलियाने टेबलावर मूठ आपटली.

"योन्का! बघ, माझ्या एका मताने केवढी फसवणूक थांबली!"

योन्काने हात पुसले, फोन घेतला आणि त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. बातमी उघडली. पूर्ण वाचली. मग फोन टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता फाटकातून बाहेर पडली. चाळीस वर्षांच्या संसारात ती गप्प राहिली असेल, तर ही दुसरी वेळ.

वाचकहो, इलियाला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. त्या आठ आज्या लेस्कोवोच्याच होत्या! बातमीच्या दुसऱ्याच ओळीत गावाचं नाव होतं, पण इलिया दुसऱ्या ओळीपर्यंत कधी पोचलाच नाही. गावच्या वाचनघरात खाली पुस्तकं आणि वर नाचगाण्याचं दालन. तिथली ग्रंथपाल रालित्सा हिने वर्गणीतून एक कॅमेरा आणला होता. दर रविवारी संध्याकाळी सहाला गावच्या म्हाताऱ्या वर जमत, आणि तिकडे स्पेनमध्ये, जर्मनीत, इटलीत कामाला गेलेली त्यांची मुलं-नातवंडं फोन उघडून बसत. एक्याऐंशी वर्षांच्या देनाआजीची पणती स्पेनमधल्या सारागोसात राहत होती. रविवारी गाणं ऐकल्याशिवाय ती पोर झोपत नसे. आणि आता नगरपालिकेचं पत्र आलं होतं. लोकांच्या तक्रारी आहेत, वाचनघरातून प्रक्षेपण करू नये, सोमवारी कॅमेरा जमा करावा. एका माणसाने चार सेकंद ऐकलं, आणि आठ म्हाताऱ्यांचा रविवार गेला.

तो रविवार म्हणजे नेमका वीस जुलै, संत इलियाचा दिवस. म्हणजेच त्या संताचं नाव ठेवलेल्या आपल्या इलियाचा नामदिन. आमच्याकडे वाढदिवसाला बोलावणी धाडतात, नामदिनाला नाही. ज्याला नाव आठवतं तो येतो, आणि आलेल्याला दारातून परतवायचं नसतं. सगळ्यात थोराड कोंबडा पहाटेच कापला गेला होता. योन्काने मोठ्या पातेल्यात भात आणि कोंबडा शिजत घातला, टोमॅटो-काकडी चिरली, वर पांढरं चीज किसलं. चीज भरलेल्या थरांच्या पोळीचे, म्हणजे बानित्साचे, दोन तवे भट्टीतून निघाले.

"एवढं कोण खाणार?" इलियाने विचारलं. "दरवर्षी चार टाळकी येतात."

"येतील कोणीतरी," योन्का म्हणाली. तीन दिवसांत तिने त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पाच वाजता फाटक वाजलं. पुढे देनाआजी, डोक्याला रुमाल, कानामागे जिरेनियमचं फूल. मागे एकामागोमाग एक सात म्हाताऱ्या, नक्षीदार पोशाखात. सगळ्यांत शेवटी रालित्सा.

"नाव लखलाभ असो रे इलिया! ठणठणीत तब्येतीनं मिरव!" आजीने त्याचे दोन्ही गाल ओढले.

इलिया हरखला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्याने फळ्या टाकून बाक केले. घरच्या द्राक्षांची कडक दारू, राकिया, छोट्या पेल्यांत ओतली. म्हाताऱ्या जेवल्या, कोंबड्याला नावं ठेवली, योन्काच्या बानित्साची तारीफ केली. मग देनाआजीने पेला खाली ठेवला आणि आपला हात इलियासमोर धरला.

"इलिया, जरा हात धर माझा."

त्याने धरला.

"हाताला लागतो का?"

"लागतो की. असं काय विचारता?"

"नाही, म्हटलं खात्री करून घ्यावी. चारशे बारा माणसं म्हणतात मी नाहीच. मी म्हणे यंत्र आहे!"

इलियाने आजीकडे पाहिलं, मग त्या सात पोशाखांकडे, मग रालित्साकडे. बिचारी खाली मान घालून बसली होती. शेवटी त्याने योन्काकडे पाहिलं. योन्का भात वाढत होती, पण तिचे कान इकडेच होते.

"ते... ते गाणं तुमचं होतं?" इलियाचा आवाज खोल गेला.

"आमचंच. आणि उद्या कॅमेरा जमा करायचाय."

इलिया लाल झाला. पण असा लगेच हार मानेल तर तो इलिया कसला! तो म्हणाला, "पण आजी, श्वास? मी कान देऊन ऐकलं. मध्ये श्वास नव्हता. आणि एकट्या मलाच नाही, चारशे लोकांना तसं वाटलं!"

"चारशे लोकांनी गाणं ऐकलं का रे? त्यांनी तुला ऐकलं. आणि तू कोणाला ऐकलंस?" देनाआजी म्हणाली. "श्वासाचं म्हणशील तर आम्ही आठजणी आहोत, राजा. एकीचा दम संपत आला की शेजारची सूर धरते, तोवर ती श्वास घेते. गव्हाच्या कापणीत अशाच गायचो. पहिलं कडवं पुरं ऐकलं असतंस तर त्स्वेताचा खोकलासुद्धा ऐकू आला असता!"

"दोनदा खोकले," त्स्वेता अभिमानाने म्हणाली.

आजीचा आवाज मऊ झाला. "आमच्या घरी पहिला टेलिफोन तूच बसवलास, आठवतं? बर्फ पडत होता. मी म्हटलं, झालं ना काम, खाली उतर आणि सूप पी. तू खांबावर बसून राहिलास. रिसीव्हर कानाला लावलास, पलीकडून आवाज येईपर्यंत हलला नाहीस. मग म्हणालास, आता लागला. ऐकल्याशिवाय 'लागला' म्हणायचं नाही, असं तूच मला सांगितलं होतंस. तो इलिया कुठे गेला रे?"

छत्तीस वर्षांत एकदाही इलियाने तार न तपासता कागदावर सही केली नव्हती. तो त्याचा मान होता, तीच त्याची ऐट होती. आणि आता तो दिवसाला वीस सह्या ठोकत होता, एकही तार न तपासता! त्याचे डोळे भरून आले.

"चुकलो, आजी," तो म्हणाला. "माझी चूक झाली. सांगा, काय करू?"

"मला काय विचारतोस? जिथे घाण केलीस तिथे पुस."

रालित्साने घड्याळ पाहिलं. सहाला सात मिनिटं कमी होती. ती हळूच म्हणाली, "काका, पत्रात लिहिलंय की वाचनघरातून प्रक्षेपण करायचं नाही. तुमच्या अंगणाबद्दल त्यात काहीच नाही."

"अगं मग बघतेस काय? लाव!" योन्का ओरडली.

राकियाच्या बाटलीला टेकून रालित्साचा फोन उभा राहिला. ठीक सहाला इलिया त्याच्यासमोर आला. टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"मी इलिया. लेस्कोवोचा. त्या बातमीखाली मी लिहिलं होतं की या बायका खोट्या आहेत. मी चार सेकंद ऐकलं होतं. बातमी वाचलीच नव्हती. या खऱ्या आहेत, माझ्या अंगणात बसल्यात आणि माझा कोंबडा खातायत. मी त्यांची माफी मागतो. ज्यांनी माझं ऐकून अंगठे दिले, त्यांनी ते परत घ्या आणि आता गाणं ऐका. पूर्ण ऐका!"

आणि पडद्यावर पहिलं मत उमटलं. रालित्साने ते मोठ्याने वाचलं: "हा म्हाताराही यंत्राने बनवलेला! मिशी बघा, बोलताना हलतच नाही."

"काय?" इलिया उसळला. "मी यंत्र? अरे, मी इथे उभा आहे! धडधडीत! कोण आहे तो गाढव?"

टेबलावर हास्याचा असा स्फोट झाला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. देनाआजीने पोट धरलं, त्स्वेताला तिसरा खोकला आला. योन्का तर पदराने, म्हणजे एप्रनने, डोळे पुसत होती. क्षणभर इलिया फोनवर बोट रोखून उभा राहिला. मग त्याला ते दिसलं! सहा दिवस या आठ बायकांना काय वाटलं असेल ते त्याला स्वतःच्या कातडीवर कळलं. आणि तोही हसायला लागला, मिशी हलेपर्यंत हसला.

त्याने फोन हातात घेतला आणि शिवी न देता लिहिलं: "भाऊ, आज माझा नामदिन आहे. लेस्कोवो, चर्चमागचं हिरवं फाटक. ये आणि मिशी ओढून बघ. कोंबडा शिल्लक आहे."

मग म्हाताऱ्यांनी सूर लावला. आधी चौघींनी उचललं, मग दुसऱ्या चौघींनी झेललं. इलिया या गावात जन्मला होता, पण हे गाणं शेवटपर्यंत त्याने बहुधा प्रथमच ऐकलं. डोळे मिटून, कान देऊन, खांबावर बसून ऐकायचा तसं. आता त्याला श्वास ऐकू येऊ लागले. एकीचा इथे, दुसरीचा तिथे, एकमेकींना सांभाळत घेतलेले. सारागोसाहून देनाआजीच्या पणतीने एकामागून एक नऊ लाल हृदयं पाठवली.

तिसरं गाणं संपता संपता फाटकाबाहेर मोटरसायकल थांबली. काखेत भलंमोठं कलिंगड घेऊन एक तिशीचा माणूस ओशाळून आत आला. शेजारच्या शहरात तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. नाव स्विलेन.

"तो गाढव मीच," तो म्हणाला. "नाव लखलाभ असो काका. खरं सांगू? मीही काही ऐकलं नव्हतं. सगळे लिहीत होते म्हणून लिहिलं."

"आधी काम, मग गप्पा!" देनाआजीने हुकूम सोडला. "ओढ!"

स्विलेनने दोन बोटांनी मिशी धरली आणि ओढली. इलिया किंचाळला.

"खरी आहे!" स्विलेन फोनकडे वळून ओरडला. "मंडळी, खरी आहे! आणि आज्यासुद्धा खऱ्या आहेत, मला वाढतायत!"

त्या रात्री जेवढे अंगठे उमटले तेवढे त्या खोट्या मतालाही मिळाले नव्हते. सोमवारी नगरपालिकेतून फोन आला. साहेब जरा चाचरत म्हणाले की कॅमेरा वाचनघरातच राहू द्या, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या आईलाही गायला यायचं आहे. रालित्साने फोन ठेवला आणि रस्त्यावरून धावत देनाआजीच्या घरी गेली.

इलियाने मत देणं सोडलं का? छे! तो आजही द्राक्षवेलीखाली बसतो आणि न्यायनिवाडा करतो. फरक एवढाच की आता कॉफी गार होईपर्यंत तो वाचत असतो, आणि वीस मतांऐवजी दिवसाला दोनच लिहितो. कधीकधी तर पूर्ण वाचून झाल्यावर म्हणतो, "यातलं मला काही कळत नाही," आणि काहीच लिहीत नाही.

तर मंडळी, मत असणं हा आपला हक्क आहे, तो कोणी काढून घेऊ नये. पण मत ही सही आहे. बातमी असो, गाणं असो की कोणाची नवी सेवा असो, आधी ती उघडा, पूर्ण वाचा, पूर्ण ऐका, मगच सही करा. आपल्या चार सेकंदांच्या पलीकडे कोणीतरी खरं माणूस बसलेलं असतं. शंका आलीच तर त्याला खोटं ठरवण्याआधी एकदा त्याच्या दारी जाऊन या. बहुतेक वेळा तो तुम्हाला जेवायला बसवेल!