कडेवरची झडती

वैष्णवीनं बाहुलीचं टोपडं सोडलं, उलटं केलं, शिवण बोटांनी चाचपली आणि बाजूला ठेवलं. मग झबलं. मग हातापायांची बोटं, एकेक वेगळं करून. बाहुली कापडाची होती, पोटात वाळू भरलेली, अडीच वर्षांच्या पोराइतकी जड. कुणीतरी तिला लोकरीचे केस शिवले होते. आजवरच्या प्रशिक्षण तुकड्यांनी झडती घेऊन घेऊन त्यातले निम्मे गळाले होते.

समोर सुफिया बंदिनी होऊन उभी होती. तीही वैष्णवीसारखीच नवी भरती झालेली कारागृह शिपाई, पण आज खाकी पँटवरच जुनी साडी गुंडाळून तिनं चेहरा जमेल तितका गरीब केला होता.

"बाई, लेकरू भुकेजलंय वो माझं," सुफिया म्हणाली.

मागं बसलेल्या पोरी हसल्या.

"हसू नका," अनिता मॅडम खुर्चीतून म्हणाल्या. "खऱ्या बाया हिच्यापेक्षा चांगलं बोलतात."

वैष्णवी हसली नव्हतीच. लंगोट सोडायचा तर बाहुली आडवी करायला हवी होती. टेबल लोखंडी होतं, सकाळचं हाताला गार लागत होतं. तिनं टेबलाकडं एकदा बघितलं. झबलं काढलेली बाहुली तिनं सुफियाच्या हातात दिली, "धरा जरा," म्हणाली आणि वाकून लंगोटाची गाठ सोडू लागली.

लंगोटात काही नव्हतं. तिनं तो झटकून दाखवला.

"संपली झडती?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. काही मिळालं नाही."

"सुफिया, दाखव."

सुफियानं मूठ उघडली. तळहातावर चिकटपट्टीत गुंडाळलेलं अर्धं ब्लेड होतं. लंगोटाच्या मागच्या घडीत ते होतं. वैष्णवी पुढची गाठ सोडत असताना बाहुली सावरायच्या निमित्तानं सुफियाचा हात मागून फिरला होता. तिला तसंच करायला सांगितलेलं होतं.

"गेलं आत," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी काय शिकवलंय? सहा वर्षांच्या आतलं लेकरू आईबरोबर आत येतं. पण झडती पुरी होईपर्यंत?"

"आईच्या हातात द्यायचं नाही," वर्ग एका सुरात म्हणाला.

"आणि तू काय केलंस?"

"दिलं, मॅडम."

"का?"

वैष्णवीनं खाली बघितलं. "टेबल गार होतं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण मॅडम हसल्या नव्हत्या. त्या उठून टेबलापाशी आल्या. बाहुली उचलून त्यांनी ती सवयीनं कडेवर घेतली.

"माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच एक ब्लेड आत गेलं होतं. लेकराच्या अंगावरून. मला वाटलं होतं, एवढंसं पोर, झोपलंय, कशाला उठवा. ज्या बाईनं नेलं, तिनं ते दुसऱ्या कुणावर नाही चालवलं. स्वतःच्याच गळ्यावर." त्यांनी बाहुली दुसऱ्या कडेवर घेतली. "पोर शेजारीच होतं. त्याला कडेवर घेऊन मीच बाहेर आले. रडून रडून लेकरू गप्प झालं होतं, पोरींनो. आणखी काही सांगत नाही."

सोमवारी वैष्णवीची फेरपरीक्षा ठरली. त्यातही नापास झाली तर पुढच्या तुकडीत, पुन्हा पहिल्या धड्यापासून.

रजेच्या दिवशी सुफिया तिला दौंडच्या एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. सुफियाचं घर गावातच, त्यामुळे रजेचं तिला काही वाटत नसे.

"राग धरू नको बाई माझ्यावर," ती म्हणाली. "पण वाळूच्या बाहुलीला काय गार लागतंय? गोधडी तरी आणायचीस येताना."

"गप गं."

"खरं सांगू का? बाहुली हलत न्हाई, रडत न्हाई. तिच्यावर हात बसत न्हाई कुणाचा. तुझ्या घरी आयती जिवंत हाय. दोन दिवस तिच्यावर हात बसव, सोमवारी डोळे मिटून पास होशील."

वैष्णवी एसटीत चढली. शिरूरला उतरून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसली, तेव्हा शेजारच्या बाईच्या मांडीवर एक पोर झोपलेलं होतं. कवठ्याला उतरेपर्यंत तिची नजर त्याच्या दुपट्याच्या घड्यांवरून फिरत राहिली. कुठून सुरुवात करायची, कुठं काय बसेल.

घरी तिची लेक अपेक्षा सासूच्या, पुतळाबाईंच्या, पदराआडून तिच्याकडं बघत होती. वैष्णवी दौंडला गेली तेव्हा पोरीला धड बोलता येत नव्हतं. आता तिचा बाप विश्वजीत आपल्या आईला जशी हाक मारायचा, तशीच तीही मारायला लागली होती.

"आई, ती कोण?" तिनं पुतळाबाईंना विचारलं.

"अगं, ती तुझी आई. मी आज्जी." पुतळाबाई वैष्णवीकडं बघून ओशाळं हसल्या. "लई सांगते गं मी तिला. बापाचं बघून बोलती."

"असू द्या आत्या."

वैष्णवीनं त्यांना परीक्षेचं आणि सुफियाच्या सल्ल्याचं सांगितलं. पुतळाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. पास झाली की कुठल्या तरी जिल्ह्याच्या तुरुंगावर नेमणूक, दोन खोल्या, मग पोर तिच्याजवळ. नापास झाली तर पुन्हा तेवढेच महिने दौंड.

"म्हंजी मी कैदीण व्हायचं," पुतळाबाई म्हणाल्या. "व्हते की. त्यात काय."

पहिल्यांदा खेळच झाला. पुतळाबाईंनी अपेक्षाच्या झबल्यात बटण लपवलं, वेणीच्या रिबिनीत काडी खोचली. वैष्णवी म्हणाली, "हात वर," आणि पोरीनं हात वर केले. बोटं काखेत गेली की ती खिदळायची. वैष्णवीनं बटण काढलं की टाळ्या पिटायची. "पुन्ना," म्हणायची. वैष्णवी पुन्हा घ्यायची. हात वर, पाय लांब, तोंड उघड, जीभ वर. संध्याकाळपर्यंत पोरीला सगळा क्रम पाठ झाला होता.

रविवारी दुपारी विश्वजीत आला. रांजणगावच्या कंपनीत तो ऑपरेटर होता, कारेगावला खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. दाराच्या चौकटीला टेकून तो हा खेळ बघत राहिला.

"झाली पास असं समजायचं का?" त्यानं विचारलं.

"अजून रडलेली नाही ती," वैष्णवी म्हणाली. "रडल्यावर जमलं पाहिजे."

"बघ बाई. अजून एक तुकडी म्हंजी पोर तुला मावशीच म्हणायची."

तो चेष्टेनंच म्हणाला होता. पण पुतळाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो मोबाइल काढून ओट्यावर जाऊन बसला.

वैष्णवी उठली. "आत्या, आता तोंडात ठेवा काहीतरी."

पुतळाबाईंनी डब्यातला गुळाचा खडा काढून नातीच्या गालात सारला. पोरीचे डोळे चमकले. वैष्णवी समोर आली. हात वर, पाय लांब. मग "तोंड उघड". पोरीनं मान हलवली. गूळ गोड होता.

वैष्णवीनं शिकवल्याप्रमाणे अंगठा आणि बोटानं तिचे गाल दोन्हीकडून दाबले. तोंड उघडलं. दुसऱ्या हाताचं बोट दाढांच्या मागून फिरवून तिनं गूळ बाहेर काढला. पोरीचा श्वास क्षणभर अडकला आणि मग तिनं हंबरडाच फोडला. दोन्ही हात पुतळाबाईंकडं पसरले.

"आई! आई!"

"दे इकडं," पुतळाबाई पुढं झाल्या.

"थांबा आत्या. लंगोट राहिलाय."

"अगं, रडतीय ती."

"रडू दे." वैष्णवीनं पोरीला फरशीवर आडवं केलं. फरशी गार होती. पोरीनं पाठ उचलली, लाथा झाडल्या. वैष्णवीनं एका हातानं दोन्ही घोटे धरले, दुसऱ्या हातानं गाठ सोडली, पुढची घडी, मागची घडी, मांड्यांचे सांधे. तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं नाही. तसं केलं की जमतं, हे तिला आत्ता कळलं होतं. सगळं पुरं झाल्यावर तिनं लंगोट बांधला, पोरीला उचललं आणि सासूच्या हातात दिलं.

"आता घ्या."

पुतळाबाईंनी नातीला छातीशी धरलं आणि पाठ फिरवून चुलीपाशी जाऊन बसल्या. मग तिकडूनच, न वळता म्हणाल्या, "व्हशील पास."

सोमवारी टेबल तसंच गार होतं. वैष्णवीनं बाहुली सरळ त्याच्यावर आडवी केली. सुफियानं या वेळी नाटक वाढवलं होतं, खाली बसून तिनं वैष्णवीचे पायच धरले.

"बाई, रडतंय वो माझं बाळ. एकदा छातीशी घेऊ द्या. तुम्हाला लेकरू न्हाई का?"

वर्गात या वेळी कुणी हसलं नाही. वैष्णवीनं पाय सोडवून घेतले, कडक होऊन नाही, वाटेतली काडी सारावी तसे. ब्लेड बाहुलीच्या उरलेल्या केसांत होतं, लोकरीच्या गाठीखाली. तिनं ते काढून टेबलावर ठेवलं, तरी झडती थांबवली नाही; पायाच्या बोटांपर्यंत सगळं पाहिलं. मग कपडे चढवले, टोपड्याचे बंद बांधले आणि बाहुली सुफियाच्या हातात दिली.

"आता घ्या."

अनिता मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि पेन मिटलं. "जमलं," म्हणाल्या. मग तिच्याकडं जरा वेळ बघत राहिल्या, काही विचारावं की नाही असं.

जेवणाच्या रांगेत सुफिया तिच्या मागं उभी होती. "भारी केलंस," ती म्हणाली. थोड्या वेळानं, हळू, "पण एकदा तरी बघायचंस माझ्याकडं. मी एवढी रडले."

"बघितलं की चुकतं," वैष्णवी म्हणाली आणि ताट पुढं केलं.

निकाल फोनवर सांगितला तेव्हा पुतळाबाईंना आनंद झाला. म्हणाल्या, "येशील तवा खाकीतच ये. आळीत बघू दे लोकांना." वैष्णवीनं अपेक्षाला बोलवायला सांगितलं. तिकडं बराच वेळ खुडबुड ऐकू आली.

"येत न्हाई गं. कणगीमागं बसलीय. खेळात हाय," पुतळाबाई म्हणाल्या.

शेवटचं संचलन झालं आणि वैष्णवी खाकीतच निघाली. बॅगेत तिनं पोरीसाठी शिंगं असलेली लाल टोपी घेतली होती, बघताच हसेल अशी. कवठ्यात जीपमधून उतरल्यावर पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. त्यांतले सोपानराव म्हणाले, "साहेब झाली की पुतळाबाईची सून," आणि तिनं वाकून नमस्कार केला. घराकडं जाताना तिला आपली चाल नेहमीपेक्षा लांब टांगांची वाटली, संचलनातली. तिनं ती मुद्दाम आखडती घेतली.

अपेक्षा उंबऱ्यात उभी होती. एक गाल फुगलेला. वैष्णवीला बघताच तिनं दोन्ही हात वर केले.

बॅग तिथंच टाकून वैष्णवी खाली वाकली, हात पसरले.

"ये गं माझी बाई."

पोर आली नाही. हात तसेच वर ठेवून तिनं पाय एकमेकांपासून लांब केले. मग तोंड उघडलं, मोठं, आणि जीभ वर केली. वैष्णवी हलली नाही. पोरीला वाटलं असावं की एवढ्यानं भागत नाही. तिनं स्वतःच गालात बोट घातलं, गुळाचा खडा बाहेर काढला आणि आईच्या पसरलेल्या तळहातावर ठेवला. निम्मा विरघळलेला, ऊन, ओला.

ती रडली नाही. झालं का, अशा नजरेनं तिनं वैष्णवीच्या तोंडाकडं बघितलं. मग वळली आणि घरात पळाली.

"आई," आतून तिची हाक आली.

पुतळाबाई चुलीपासून उठून आल्या होत्या. पोर त्यांच्या लुगड्याला बिलगून, हात वर करून उभी होती. पुतळाबाई वाकल्या, पण तिला उचललं नाही. वाकल्या वाकल्याच त्यांनी उंबऱ्याबाहेर, खाकीकडं बघितलं.

"घेऊ का?" त्यांनी विचारलं.