बोकडाच्या पोटातली घंटा

तोंडवलीत येऊन ‘परशुराम गुरुजींचं घर कुठलं’ असं विचारलंत, तर लोक क्षणभर डोकं खाजवतील. ‘घंटेचे गुरुजी’ म्हणा; शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला आमच्या दारापुढच्या खळ्यात आणून सोडील. मी त्यांची मुलगी किशोरी. कसालच्या शाळेत मी स्वतः इतकी वर्षं शिकवते, पण गावात माझी ओळख ‘घंटेच्या गुरुजींचा चेडू’ एवढीच, आणि मला ती पुरत होती. पुरत होती कसली, मी ती मिरवत होते.

घंटा म्हणजे बाबांच्या गोष्टीतली. एक हावरट बोकड देवळातली घंटा गिळतो. तो धावला की पोटात घंटा वाजते आणि आरती सुरू झाली म्हणून लोक हातातली कामं टाकून देवळाकडे पळतात. चोरीचा आळ येतो एका लंगड्या पोरावर. गावकीत त्याचा निवाडा चालू असताना बोकडाला शिंक येते, आणि टण्ण! बाबा तो ‘टण्ण’ असा काढीत की मागच्या बाकावर पेंगणारा मुलगासुद्धा ताडकन उठून बसे. ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांची मुलं शाळेत आली, त्यांनाही बाबांनी तीच सांगितली. पुढे ती त्यांच्या नावानं एका दिवाळी अंकात छापून आली, गॅदरिंगला तिचं नाटक झालं. आमच्याकडे कुणी थाप मारली की समोरचा अजून म्हणतो, “वाजली हां तुझी घंटा!”

२००७ साली शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा बाबांचा सत्कार करायचं ठरलं. ठरवणारा होता लवू, शाळेच्या समितीचा अध्यक्ष. लवूची स्वतःची होडी आहे. तो बाबांचाच जुना विद्यार्थी, पण सातवीत शाळा सुटलेला. ती कशी सुटली ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. स्वतः रचलेल्या गोष्टींची स्पर्धा होती. लवूनं एका जुन्या मासिकातली गोष्ट उतरवून दिली आणि बाबांनी ती ओळखली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी त्याला व्हरांड्याच्या पायरीवर उभं केलं, कान धरायला लावले आणि ‘मी चोर आहे’ असं मोठ्यानं म्हणायला लावलं. मागच्या मुलांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. सगळी शाळा हसली. त्या दिवसापासून लवू बापाबरोबर समुद्रावर जायला लागला. तरीही जाळ्यात चांगली मासळी लागली की त्याच्याकडून आमच्या घरी पिशवी येतेच. बाबा म्हणत, “शिक्षेनं माणूस सुधारतो तो असा.” मलाही ते पटत असे.

तर सत्काराच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात साहेबांनी टूम काढली होती: मुलांच्या आवडत्या पुस्तकांची आणि गोष्टींची माहिती इंटरनेटवर कुठे कुठे मिळते ते शोधा आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळांसाठी एकत्र करा. बाकीचे खाली बघत होते. मी हात वर केला. हौस दांडगी! कॉम्प्युटरची परीक्षा मी पास झाले होते खरी, पण माऊसवर हात ठेवला की तो पळायचा एकीकडे आणि मी बघायची दुसरीकडे. म्हणून लवूच्या मुलीला, उर्वशीला, बरोबर घेतलं. ती मालवणात कॉलेजात शिकत होती आणि या कामात तरबेज होती.

मालवणच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर नेट कॅफे होता. खुर्च्या दोन आणि पंखा एक, तोही मालकाच्या डोक्यावर. मराठी गोष्टींची पानं उघडली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. इंग्रजी पानांची मात्र चंगळ होती. पुस्तकाचं चित्र, थोडक्यात गोष्ट, मुलांना विचारायचे प्रश्न, कापून करायचे मुखवटे, सगळं फुकट. मी हरखून गेले. आमच्या पोरांना यातलं अर्धं जरी मिळालं असतं, असं म्हणत मी पत्ते उतरवून घेत होते.

उठता उठता मला सुचलं. बाबांची गोष्टही या यादीत घालायची, खाली त्यांचं नाव, वर बोकडाचं एखादं छानसं चित्र. उर्वशीला म्हटलं, “बोकड आणि घंटा असा काय गावता काय बघ गो.”

तिनं इंग्रजीत दोन शब्द टाकले. एक पान उघडलं. त्या वेळी चित्र वरून खाली हळूहळू उतरत येई. आधी निळं आभाळ आलं. मग चर्चचं टोक आलं. मग वाकडी शिंगं, मग डोळे, आणि मग टम्म फुगलेलं पोट. पोटाच्या आत चित्रकारानं पांढऱ्या रेघेनं घंटा काढली होती.

उर्वशीनं भराभर वाचलं. समुद्राकाठचं परदेशातलं गाव. चर्चची घंटा गिळणारा बोकड. प्रार्थनेची वेळ झाली म्हणून पळत सुटणारे लोक. लंगडा मुलगा. न्यायाधीश. शिंक.

“बाई, ही तर आपल्या गुरुजींची गोष्ट!” ती ओरडलीच. “ह्येंनी चोरल्यानी! बगा तरी, इतक्या लांब बसान चोरल्यानी!”

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “चोरली असतीत. आजकाल काय सांगूक येता?” हे बोलताना माझे कान तापले होते. पुस्तक पहिल्यांदा कधी छापलं ते चित्राच्या खालीच लिहिलं होतं आणि मला ते दिसलं होतं. त्या साली बाबा स्वतः हातात पाटी घेऊन बिगरीत जात होते.

मग उर्वशीलाही ते दिसलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तेवढी समज तिच्यात होती.

“उर्वशी, ह्या कोणाक सांगा नको गो,” मी म्हणाले. शिक्षिका मी, आणि एका पोरीपुढे गयावया करत होते. तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही. ते पान मी छापून घेतलं आणि पर्समध्ये तळाशी कोंबलं. परतताना एसटीत मी ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

घरी आल्यावर वाटलं, फाडून चुलीत घालावं. पण बाबा पडवीत बसले होते, सत्काराला घालायचा सदरा मांडीवर घेऊन त्याची बटणं तपासत होते. त्यांना तसं बघून माझा संताप झाला. आयुष्यभर ज्या माणसानं पोरांना खोडरबरसुद्धा न विचारता घेऊ नका म्हणून शिकवलं, त्यानं हे करावं? मी कागद त्यांच्या मांडीवर टाकला.

बाबा आमच्याशी घरातही पुस्तकी मराठीत बोलत. गुरुजींच्या घरात शुद्ध बोललं पाहिजे, असा त्यांचा दंडक. त्यांनी चष्मा लावला. चित्रावरून बोट फिरवलं. आणि कितीतरी वर्षांनी माझ्याशी मालवणीत बोलले.

“ह्येच्या कानाखाली पांढरो ठिपको होतो. हयसर दिसना नाय.”

मी खालीच बसले. मला वाटलं होतं, ते नाकारतील. निदान रागावतील तरी.

मग हळूहळू सगळं आलं. ते नोकरीला नवे असताना बोटीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं ते पुस्तक आणून दिलं होतं. बाबांनी चर्चचं देऊळ केलं आणि गोष्ट वर्गात सांगितली. पहिल्यांदा सांगताना ‘पुस्तकात वाचली’ असं म्हणाले होते. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी खूश होऊन विचारलं, “गुरुजी, स्वतः रचली?” बाबा नुसते हसले. पुढच्या वेळी साहेबांनीच सगळ्यांना सांगितलं. मग दिवाळी अंकवाले आले. “नाय म्हणाक जमला नाय,” बाबा म्हणाले. “आणि मगे बरा वाटाक लागला.”

लवूचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. पण तो आमच्या दोघांच्या मधे उभा होता, कान धरून.

“सत्काराच्या दिवशी उभो रवान सांगतलंय,” बाबांनी ठरवून टाकलं.

“कशाक?” मी म्हणाले. “जाऊ दे ना बाबा. कोणाक कळता? तुमच्या तोंडात असली म्हणान तर ती गोष्ट इतकी वर्षां जगली.” हे मी त्यांच्यासाठी बोलले असं मला वाटत होतं. खरं तर मला ‘घंटेच्या गुरुजींचा चेडू’ म्हणूनच राहायचं होतं.

सत्काराला सगळा गाव लोटला. आधी पोरांनी तेच नाटक केलं. बोकड झालेल्या मुलानं पोटाशी गोणपाटात पितळी घंटा बांधली होती, आणि शिंक यायच्या आधीच ती चारदा वाजली. लोक पोट धरधरून हसले. मग लवू उठला. पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. त्यानं बाबांच्या खांद्यांवर शाल घातली, नारळ दिला आणि वाकून पायांना हात लावला. बाबांनी त्याच्याकडून माईक घेतला.

“ही गोष्ट...” ते म्हणाले आणि थांबले.

लवू त्यांच्या शेजारी हात जोडून उभा होता आणि सारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“ही गोष्ट... मुलांची आहे,” बाबा म्हणाले आणि खाली बसले.

लोकांना वाटलं, गुरुजींचा कंठ दाटून आला. केवढा हा नम्रपणा! टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या मीही वाजवल्या, आणि सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. वाचलो एकदाचे, असंच त्या क्षणी माझ्या मनात आलं. त्याची मला आज लाज वाटते, तितकी बाबांच्या चोरीचीही वाटत नाही.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी शालीची घडी घातली, ती काखेत मारली आणि लवूच्या घराकडे निघाले. मी मागोमाग गेले. लवू खळ्यात बसून फाटलेलं जाळं विणत होता. आम्हाला बघून उठला.

“येवा गुरुजी, बसा. उर्वशी, चाय ठेव गो.”

बाबा बसले नाहीत. “लवू,” ते म्हणाले, “ती गोष्ट माझी न्हय. मी चोरलंय.”

लवूनं हातातली सुई बाजूला ठेवली. “माका ठावक आसा. चेडवान त्याच दिवशी सांगल्यान.”

आत कपबशांचा आवाज थांबला. बाबांनी खांबाला हात लावला.

“शाल घालतास तेव्हा तुका ठावक होता?”

“होता.”

“मगे बोलाक कित्याक नाय तू? माईक तुझ्याच हातात होतो. मी तुका कायएक बोललंय नसतंय, लवू. तुझो हक्क होतो तो.”

लवूनं पायाशी पडलेलं जाळं गोळा केलं. त्याच्या आवाजात राग असता तर फार बरं झालं असतं.

“तुमी बोलतल्यात असा माका वाटला होता,” तो म्हणाला. “तुमी बोलाक नाय. आता मी उठान काय सांगू? चारचौघांत उभो करून चोर म्हटल्यार कसा वाटता, ता माका ठावक आसा, गुरुजी. तुमका कशाक दाखवू?”

बाबांनी शाल पुढे केली. लवूनं ती घेतली नाही.

“ही माझी न्हय. शाळेची आसा. शाळेत नेवन देवा,” तो म्हणाला, आणि मग अगदी साध्या आवाजात, “चाय घेवन जावा.”

आम्ही चहा घेतला. उर्वशीनं कप आणून दिले आणि ती आत गेली. चहा कसा होता ते मला सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी बाबांनी तोच सदरा घातला. शाल पिशवीत ठेवली. शाळेची प्रार्थना आमच्या घरापर्यंत ऐकू येते. ती सुरू व्हायच्या बेताला ते उठले. मी रजा टाकली होती. पायांत चपला सरकवून मी म्हटलं, “बाबा, थांबा, मी येतंय तुमच्यावांगडा.”

बाबा पायरीवर थांबले. मागे वळून बघितलं नाही.

“नको,” ते म्हणाले. “लवू एकटोच उभो होतो.”