पंजाच्या मशीनमधला हत्ती

कात्रीमावशीला हे नाव हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, हे विचारायची छाती गल्लीत कुणाची नव्हती. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढच्या काचेच्या खिडकीशी शिलाई मशीन आणि मशीनशी ती, अशी चाळीस वर्षं गेली. तिथून तिला सगळा रस्ता दिसायचा. कोण कुणाबरोबर गेलं, कोण कुणाला टाळून गेलं, कुणाची पँट मागून उसवलीय आणि त्याला अजून पत्ता नाही, सगळं.

मग वकिलाच्या कोटाचं झालं.

कोट झकास शिवला होता. अस्तर, खिसे, काजं, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त दोन्ही बाह्या डाव्या होत्या. वकील तो घालून कोर्टात उभा राहिला, बोलण्याच्या भरात त्यानं उजवा हात वर केला आणि हात वरच राहिला. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, तुम्हाला काही हवंय का. त्या दिवसापासून वकील पलीकडच्या फुटपाथनं जायला लागला आणि त्याच्या मागोमाग बाकीचं गिऱ्हाईकही.

मावशीचा मुलगा वजनकाट्यांच्या कारखान्यात होता. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट मोजून बघायची खोड. तो एका सकाळी आईसमोर स्टूल ओढून बसला.

"आई, तुला आता दिसत नाही."

"मला सगळं दिसतं. तुझं पोट सुटलंय तेही दिसतं."

"दोन डाव्या बाह्या, आई."

"वकिलाला दोन जिभा चालतात, दोन डाव्या बाह्या चालत नाहीत होय?"

मुलानं ते ऐकून सोडून दिलं. लहानपणापासून त्याला त्याची सवय होती. तो म्हणाला, "मी मोजलंय. गेल्या आठवड्यात पाच माणसं दुकानात आली. त्यातला एक पत्ता विचारायला. कोपऱ्यावरचा चष्मेवाला मोठी जागा शोधतोय. पुढचा भाग त्याला देऊ. तू मागच्या खोलीत निवांत बस."

मागच्या खोलीत पाण्याची टाकी होती, मोडकं इस्त्रीचं टेबल होतं आणि एक भिंत होती, जिला खिडकी नव्हती. त्या खोलीत घरातल्या नको झालेल्या वस्तू जायच्या. मावशीच्या हातातली सुई थांबली.

"एक महिना दे," ती म्हणाली.

"महिन्यानं काय होणार?"

"माणसं आली तर मी इथंच बसणार. नाही आली तर टाकीशी गप्पा मारीन."

मुलानं कपाटातून काचेची बरणी काढली, तिच्या गळ्याशी पेन्सिलनं रेघ मारली आणि सुनेच्या हातात दिली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक बटण टाकायचं. महिनाअखेर बटणं रेघेला लागली तर मावशी जिंकली. मावशीनं लगेच ओव्हरकोटाची बटणं पुढं सरकवली, पोह्याच्या बशीएवढी. मुलानं ती परत केली आणि शर्टाची आणली. दुसऱ्या दिवशी मावशी मागच्या दारानं गेली, पुढच्या दारानं आली आणि सुनेसमोर हात पसरून उभी राहिली.

"टाक बटण. माणूस आलंय."

"घरचं माणूस धरायचं नाही," मुलगा आतून म्हणाला. "बाहेरचा माणूस दार उघडून आत आला की एक बटण. बाकी काही ऐकणार नाही मी."

"लिहून ठेव गं," मावशी सुनेला म्हणाली. "पुढं फिरवेल शब्द. बापावर गेलाय."

सून हसली आणि तिनं खरंच लिहून ठेवलं.

चार दिवसांत बरणीचा तळही झाकला नाही. पाचव्या दिवशी मावशी दोऱ्याची रिळं आणायला निघाली. वाटेत एक खेळांचं दुकान कायमचं बंद होत होतं, सगळं सामान विकायला काढलं होतं. आत कोपऱ्यात एक लाल, उंच, काचेची पेटी होती. आत कापडी प्राणी, वर दोरीला लटकलेला तीन बोटांचा लोखंडी पंजा. नाणं टाकायचं, दांडा हलवायचा, पंजा खाली येतो आणि प्राणी उचलतो. उचलला तर तुमचा. एक चांगला दांडगा बाप्या पेटीला नाक लावून उभा होता. बायको बाजूला पिशव्या घेऊन ताटकळतेय याचं भान त्याला नव्हतं. पंजानं ससा उचलला, अर्ध्यात सोडला. बाप्यानं कपाळ बडवलं आणि पुन्हा खिशात हात घातला.

मावशी बराच वेळ बघत राहिली. पेटीकडे नव्हे, बाप्याकडे.

"केवढ्याला देतोस?" तिनं खेळवाल्याला विचारलं.

"मावशी, ते मशीन आहे."

"मला काय म्हैस वाटली? केवढ्याला?"

जुनं मशीन घ्यायचं कसं हे मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिलाईची तीन मशीनं तिनं जुनीच घेतली होती. तिनं मागचं झाकण उघडायला लावलं, मोटारीला कान लावला, तेलाचा वास घेतला, दोरीला लोंबकळून बघितलं. खेळवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आत एक स्क्रू होता. तो सैल केला की पंजा ढिला पडतो आणि दहात एकदाच धरतो, हे त्यानं डोळा मारत सांगितलं.

"आवळ तो," मावशी म्हणाली.

"आवळला तर सगळेच जिंकतील."

"माझ्या दुकानात ढिल्या हाताचं काम होत नाही. शेवटपर्यंत आवळ. आणि तुझे हे ससे तुझ्यापाशीच ठेव, माझे प्राणी मी शिवीन."

मशीन ढकलगाडीवरून दुकानात आलं आणि खिडकीत, मावशीच्या शेजारी उभं राहिलं. मुलानं ते बघून पट्टीनं त्याची रुंदी मोजली. मावशीपाशी चाळीस वर्षांच्या चिंध्यांची तीन पोती होती. तिनं हत्ती शिवले, गेंडे शिवले, पाणघोडे शिवले. सून रोज सकाळी कामाला लागायच्या आधी टाचणउशीत बारा सुया दोरे ओवून खोचून ठेवायची. मावशी त्या घ्यायची आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणी काही बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी लोक आले. सुनेनं तेवीस बटणं टाकली. पंजा खाली जायचा, हत्तीला धरायचा, हत्ती जागचा हलायचा नाही. दुसऱ्या दिवशी नऊ बटणं. तिसऱ्या दिवशी एक बाई आत आली, पंजा गेंड्याच्या पाठीवरून घसरताना बघितला आणि म्हणाली, "इथंही फसवणूकच." ती गेली. तिचं बटण सुनेनं टाकलं, पण आवाज न करता.

मावशीला दोन डाव्या बाह्या झोंबल्या नव्हत्या एवढा तो शब्द झोंबला. तिनं खेळवाल्याला बोलावून घेतलं. तो थंडीचा जाड कोट घालून आला. खिशांत पक्कड, पाने, किल्ल्यांचा जुडगा. कोट काढून त्यानं खुंटीला अडकवला आणि तोवर मावशीनं त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करून घेतली. मग त्यानं पिशवीतून आपला जुना ससा काढला, पेटीत टाकला, नाणं टाकलं. पंजानं ससा अलगद उचलला आणि खालच्या खणात आणून टाकला.

"पंजा ठणठणीत आहे, मावशी." त्यानं पेटीतून हत्ती काढला आणि त्याचा हात खाली गेला. "यात भरलंय काय, वाळू?"

"चिंध्या. दाबून."

"किती दाबून?"

"शिवण उसवणार नाही इतक्या."

"निम्म्या काढा. माझ्या सशात बघा, कापूस, तोही नावाला." मग हत्तीच्या तोंडाकडे बघून तो जरा अडखळला. "हा माझ्याकडे असा काय बघतोय?"

"तुझ्यासारख्याकडे असंच बघायचं असतं." मावशीनं ससा हातात घेऊन दाबला. तिची बोटं पलीकडे एकमेकांना भेटली. "असली पोकळ वस्तू माझ्या हाताखालून गेली नाही अजून."

"मग ती पेटीतूनही जायची नाही," खेळवाला म्हणाला.

सुनेनं त्याला चहा दिला. मावशी हत्ती मांडीवर घेऊन बसली, कात्री उचलली आणि त्याच्या पोटाच्या शिवणीवर ठेवली. एक टाका कापला की काम झालं असतं. बरणी पाव भरली होती, निम्मा महिना सरला होता आणि मागच्या खोलीतली टाकी आठवण करून दिल्यासारखी ठिबकत होती. सून बघत होती. मावशीनं कात्री तशीच धरून ठेवली, मग खाली ठेवली.

"नाही होत माझ्याच्यानं," ती म्हणाली. इतक्या हळू की सुनेला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं.

खेळवाला चहा संपवून उठला आणि कोट घ्यायला खुंटीकडे वळला.

"थांब. हात लावू नकोस," मावशी म्हणाली.

तो हात वर करून उभा राहिला, वकिलासारखा.

मावशीनं जवळ जाऊन कोट चाचपला. जाड लोकर, वर पक्कड, पाने, किल्ल्या, मिळून एका हत्तीला भारी. आणि हे सगळं ओझं कशाला लटकलं होतं? कॉलरच्या आत शिवलेल्या करंगळीएवढ्या एका लूपला. असे हजारो लूप तिनं आजवर लावले होते.

"पंजाची दोरी किती ओझं पेलेल?"

"तुम्ही लोंबकळला होतात की. तुटली का?"

मावशीनं त्या टोमण्याकडे दुर्लक्ष केलं. तिच्या हिशेबी तो दिवस त्याला माफ होता.

तिनं प्रत्येक प्राण्याच्या मानेवर एक लूप शिवला. नुसत्या कापडाचा आडवा पडेल म्हणून आत बकरम घातलं, कॉलर ताठ राहायला घालतात तेच. लूप कमानीसारखे उभे राहिले. लूप लावायला तिला डोळे लागत नव्हते, बोटांना पाठ होतं. आता प्राणी आवळून उचलायचा नव्हता. पंजाचं एक बोट लूपमध्ये घालायचं आणि खुंटीवरच्या कोटासारखा लटकवायचा.

नेम लागला तर गेंडाही यायचा. नाही लागला तर तो खेळणाऱ्याचा दोष, मशीनचा नव्हे, आणि हे काचेतून सगळ्यांना दिसायचं. ती फसवणूक म्हणणारी बाई पुन्हा आली आणि तिसऱ्या नाण्याला हत्ती घेऊन गेली. जाताना म्हणाली, "वजनदार आहे हो." मावशीनं मान खाली घालून शिवत असल्याचं सोंग केलं, पण तिचा पाय पायपट्टीवर नव्हताच. लोक नेम धरायला यायचे, आपली पाळी येईपर्यंत तिचं काम बघायचे, आणि परत येताना फाटका खिसा, तुटलेली चेन घेऊन यायचे. बरणी चढत गेली.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी मुलगा आला, त्यानं बरणी डोळ्यांसमोर धरली.

"रेघेला कमी आहे. सहा-सात बटणांची जागा."

"सहा बटणांसाठी आईला टाकीपाशी बसवशील?"

"शब्द म्हणजे शब्द, आई. चष्मेवाला जागा मोजायला येतोय."

चष्मेवाला आला, हातात मोजायची टेप. एक बटण पडलं. त्यानं खिडकीपासून मोजायला सुरुवात केली आणि तो मशीनपाशी अडला. आत वाकून बघितलं. पाणघोड्यानं त्याच्याकडे बघितलं.

"एकदा खेळून बघू?"

"बघ की," मावशी म्हणाली.

बोट लूपच्या बाजूनं गेलं. दुसरं नाणं, तेच. त्याच्यापाशी नाणी संपली.

"सुट्टे आहेत?"

"नाहीत," मावशी म्हणाली. गल्ल्यात सुट्टे भरपूर होते. सुनेनं गल्ला कोपरानं हळूच बंद केला.

चष्मेवाला शेजारच्या दुकानातून सुट्टे घेऊन आला. दार उघडलं, सुनेनं बटण टाकलं. "हे शेवटचं," तो म्हणाला, खेळला, हरला आणि पुन्हा बाहेर गेला. पुन्हा आला. बटण.

"अगं, तो एकच माणूस आहे," मुलगा म्हणाला.

सुनेनं खणातून कागद काढून त्याच्या नाकासमोर धरला. "बाहेरचा माणूस दार उघडून आत आला की एक बटण. बाकी काही ऐकणार नाही. तुमचेच शब्द आहेत."

मुलानं कागद वाचला. अक्षर बायकोचं होतं, शब्द त्याचे होते, त्यामुळे त्याला कुठूनच वाट नव्हती.

"तुझेच डोळे तपास आधी," मावशी चष्मेवाल्याला म्हणाली. "लूप इकडे आणि तू पंजा नेतोस शेजारणीच्या दारात."

सातव्या वेळी तो आत आला तेव्हा बटणं रेघेला लागली आणि त्याच खेपेला पाणघोडाही लागला. लूपला लटकून, झोके घेत, खणात धप्पकन पडला. चष्मेवाल्यानं तो छातीशी धरला, घाम पुसला आणि मुलाला म्हणाला, "मला कोपऱ्यावरची जागाच बरी. इथं आलो तर हे मशीन कुठं ठेवणार? पण मावशी, एक विनंती आहे. उद्या येऊन डोळे तेवढे तपासून घ्या."

महिनाभर हे कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण जिंकल्यावर मावशीला ऐकून घेणं तेवढं जड गेलं नाही. "बघू," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी गेली.

आठ दिवसांनी चष्मा आला. तो लावून मावशी आपल्या खिडकीशी बसली. आधी रस्ता बघितला. मग टाचणउशी बघितली, तिच्यात ओळीनं बारा ओवलेल्या सुया.

"उद्यापासून सुया मी ओवीन," ती म्हणाली.

"कसल्या सुया?" सुनेनं विचारलं.

मावशीनं तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि पेटीकडे वळली. काचेपलीकडे हत्ती, गेंडे, पाणघोडे रांगेत बसले होते. एकाचा एक डोळा कपाळावर, दुसरा गालावर. दुसऱ्याचे दोन्ही नाकाकडे. एकाही प्राण्याचे डोळे एका ओळीत नव्हते. महिनाभर ही सगळी तिरळी फौज गल्लीच्या घराघरांत गेली होती.

"इतके दिवस कुणी बोललं का नाही?" तिनं विचारलं.

"लोकांना वाटलं मुद्दाम केलेत," मुलगा म्हणाला. "त्यासाठीच तर येतात, आई."

मावशीनं चष्मा काढला, पुसला, शिलाई मशीनच्या खणात ठेवला आणि नव्या हत्तीला दुसरा डोळा लावायला घेतला.

"मुद्दामच केलेत," ती म्हणाली.