ऑइलची तोंडी परीक्षा

"इंजिनचं ऑइल किती दिवसांनी बदलता?" मास्तरांनी विचारलं.

समोर बसलेल्या बँकेतल्या साहेबांचा चहाचा कप तोंडापाशी जाऊन थांबला. ते जुनी गाडी विकत घ्यायला आले होते, परीक्षा द्यायला नव्हे.

"म्हणजे... सर्व्हिसिंगला टाकली की करतात ना ते लोक. शिवाय समोर लाल दिवा लागतोच की."

मास्तरांनी सावकाश मान हलवली. शाळेत त्यांच्याकडे गणित शिकलेल्या कोणालाही ती मान ओळखू आली असती. ती अशी हलली की पालकांना बोलावणं जात असे.

"दिवा लागेपर्यंत थांबणारा माणूस," साहेब गेल्यावर ते म्हणाले, "छातीत कळ आल्याशिवाय डॉक्टरकडे जायचा नाही. नापास."

"बाबा, हा तिसरा!" मुलगी करवादली. "गाडी विकताय की स्थळ बघताय?"

"तुझ्या वेळी एवढी चौकशी नव्हती केली त्यांनी," आई आतून म्हणाली.

"ते रोज दिसतंच आहे मला," मुलगी म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

साहेबांच्या आधी एक नवविवाहित जोडपं आलं होतं. त्यातल्या मुलाने "ऑइल म्हणजे पेट्रोलच ना?" असं विचारल्याने त्यांना बिस्किटंसुद्धा मिळाली नव्हती. त्याच्याही आधी आलेल्या गृहस्थांनी "मी वरून टाकत राहतो, बदलतोय कशाला?" असं सांगितलं होतं. त्या रात्री मास्तर जेवले नाहीत.

गाडी विकायची हे मात्र ठरलेलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. मास्तरांनी ते मोघम धरलं. मग एका संध्याकाळी मुलगी शेजारी बसलेली असताना त्यांनी चौकात गाडी थांबवली आणि समोरच्याला हात करून अदबीने "या, या" म्हटलं. समोर पत्रपेटी होती. ती काही येईना. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कहर केला, तरी मास्तर म्हणाले, "वयस्कर दिसतात, वेळ लागणारच." घरी येताना गाडी मुलीने चालवली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

गाडी हलकी राखाडी, चार दारांची आणि वयाने मुलीपेक्षा थोडीच लहान. मास्तर तिचं ऑइल वर्षातून दोनदा स्वतः बदलत. एकदा बायकोच्या वाढदिवसाला आणि एकदा त्यानंतर सहा महिन्यांनी. तारीख लक्षात राहावी म्हणून वाढदिवस निवडला होता. कोणती तारीख, ऑइलची की वाढदिवसाची, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. बायकोने मात्र संसारातले बहुतेक वाढदिवस गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांच्या सहवासात काढले. तिने त्या पायांना विचारलं होतं, "अहो, गाडी भाजीबाजाराच्या पुढे जात नाही, एवढं काय बदलायचं?" त्यावर पाय म्हणाले होते, "वेळच्या वेळी बदललं की गाडी जन्मभर साथ देते."

साहेब नापास झाले त्या रात्री अंथरूण घालताना बायको म्हणाली, "विकायची नसेल तर तसं सांगा ना. लोकांना कशाला नापास करताय?"

"मी कुठे नाही म्हणतोय? योग्य माणूस येऊ दे."

"आणि आला तर?"

मास्तर उशीचा अभ्रा सारखा करत राहिले. "आला तर दिली," ते म्हणाले. मास्तर शब्दाचे पक्के, हीच एक अडचण होती.

रविवारी जी आली ती मुलीच्याच वयाची होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे खांदे-गुडघे हलवून देण्याचा तिचा व्यवसाय होता. चहा नको म्हणाली. "आधी गाडी बघू या का, काका?"

खाली सगळेच उतरले. तिने बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी उपसली आणि इकडेतिकडे पाहिलं. मास्तरांनी नकळत खिशातलं फडकं पुढे केलं. तिने पट्टी पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि उजेडात धरली. ऑइल मधाच्या रंगाचं होतं.

"चालवत नाही का फारशी?"

"प्रश्न मी विचारणार," मास्तर म्हणाले. "ऑइल किती दिवसांनी बदलाल?"

"असं कसं सांगू?"

मुलीने डोळे मिटून घेतले.

"माझं काम इथून तिथं," पाहुणी पुढे म्हणाली. "दहा मिनिटं चालू, तासभर बंद. इंजिन धड तापतसुद्धा नाही. तेव्हा पुस्तकात दिलंय त्याच्या आधीच बदलावं लागेल. लांब पल्ल्याला एका दमात पळणाऱ्या गाडीला एवढी घाई नसते."

मास्तरांनी घसा साफ केला. "आणि गाडी नुसती उभीच राहिली तर?"

"तरी वर्षातून एकदा बदलायचंच. ऑइल उभ्या-उभ्यासुद्धा म्हातारं होतं." तिने पट्टी जागेवर बसवली. "पण काका, नुसतं ऑइल बदलून गाडी टिकत नाही. फिरवावी लागते. माझ्या पेशंटांनाही हेच सांगते मी."

मास्तर बराच वेळ बॉनेटच्या कडेवरून फडकं फिरवत राहिले. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

"पास," मास्तर म्हणाले.

मुलीने आनंदाने टाळी वाजवली. बायकोने वाजवली नाही. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती.

पुढे बायकोचा वाढदिवस आला. मास्तर सकाळी जुनी, डागाळलेली पँट चढवून, फडकं खांद्यावर टाकून जिना उतरले. खाली आल्यावर त्यांना आठवलं.

शेजारच्या जागेत वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या गाडीने ऑइल गाळून गाळून अख्खा नकाशा काढला होता. त्यापलीकडे वकिलांच्या स्कूटरचं डबकं होतं. मास्तरांच्या जागेवर मात्र काहीच नव्हतं. त्यांच्या गाडीने आयुष्यात थेंबही गाळला नव्हता आणि ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत. आता त्या फरशीकडे बघून इथे कधी गाडी उभी असायची हे कोणालाही ओळखता आलं नसतं.

बायको गॅलरीत येऊन उभी होती. वाढदिवसाच्या सकाळी तिला नवरा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सबंध दिसत होता.

मास्तर गुडघ्यावर हात टेकवून खाली वाकले. फरशीवरून एक बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेऊन उजेडात नीट पाहिलं, आणि मग ते स्वच्छ बोट फडक्याला पुसलं.