गाडीएवढी पोकळी

मित्रांनो, मी जुना झालो, पण पुरा मात्र अजून झालेलो नाही. मी एक सायकल ट्रॅक आहे. उपनगरातल्या एका सरळ रस्त्याच्या कडेला, गटाराची झाकणं आणि मोटारींची चाकं यांच्यामध्ये अंग चोरून पडलेला हिरवा पट्टा म्हणजे मी. तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलं असेल. काहींनी आधी माझ्यावर गाडी लावली असेल आणि मग उतरताना पाहिलं असेल.

आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो. माझा जन्म घाईत झाला. उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि ट्रॅक करायचं नंतर ठरलं. त्यामुळे रंगाचे डबे येण्याआधी फीत कापायची कात्री येऊन बसली होती. रंग मारायला एक टोळी आली. तिचा मुकादम माणूस सरळ होता. त्याला कोणीतरी एक नियम शिकवला होता आणि तो त्यानं मनापासून पाळला होता: उभ्या वाहनाला हात लावायचा नाही. वाहन असेल तर कडेनं मारायचं आणि पुढे व्हायचं.

आता नेमकी माझ्या मध्यावर एक गाडी उभी होती. पांढरी, लांबलचक, कापडी खोळ घातलेली. समोरच्या बंगल्यात राहणाऱ्या काकांची. त्यांचं फरशांचं मोठं दुकान होतं, म्हणून सगळा रस्ता त्यांना फरशीवाले म्हणायचा. मुकादमानं बेल दाबली. काकू दारात आल्या.

"काकू, गाडी काढायला सांगा ना जरा. पट्टा मारायचाय."

"अहो, ते झोपलेत. उठवलं तर चिडतात. तुम्ही कडेकडेनं मारा ना."

मुकादमानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणजे नगरपालिकेचे अभियंते. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मारा कडेनं. नंतर भरून काढू."

मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेलं हे पहिलं वचन. त्यानंतर कोणी देण्याच्या फंदात पडलं नाही.

काका उठले, चहा घेऊन दुकानात गेले आणि गाडी हलल्यावर माझी खरी सूरत दिसली. सगळा हिरवा आणि मधोमध एक काळी, गाडीएवढी पोकळी. दुसऱ्या दिवशी फोटो काढणाऱ्यानं बरोबर तेवढा भाग चौकटीबाहेर ठेवला. भाषणं झाली. माझ्यामुळे हवा शुद्ध होणार, पोटं कमी होणार, मुलं आनंदानं शाळेत जाणार असं ठरलं. ऐकायला आलेले पाहुणे मोटारीतून आले होते आणि मोटारी त्यांनी माझ्यावरच लावल्या. त्यांचाही इलाज नव्हता. रस्ता कार्यक्रमासाठी अडवलेला होता.

संध्याकाळी फरशीवाले परतले. हिरव्या महिरपीतला तो काळा चौकोन त्यांनी कमरेवर हात ठेवून डोळे भरून पाहिला आणि फाटकात उभ्या असलेल्या काकूंना म्हणाले, "बघितलंस? जागा आखून दिली आपल्याला."

त्या दिवसापासून ती जागा त्यांची झाली. नुसती झाली नाही, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपली. "त्यांना आखून दिली, आम्हाला का नाही?" असं विचारत दोघेतिघे नगरपालिकेत जाऊन आले. सायकलवाल्यांपैकी कोणी गेलं नाही. त्यांना कामावर वेळेत पोचायचं होतं. माझ्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला त्या गाडीपाशी आल्यावर बाहेर, भर वाहतुकीत वळावं लागे, आणि गाडी ओलांडली की परत आत. म्हणजे मी त्यांना सुरक्षित आणायचो, ऐन मध्यावर बसच्या चाकाखाली ढकलायचो आणि जो वाचेल त्याला पुन्हा हिरव्या रंगात घ्यायचो.

माझा शेवटही ऐका. मी चौकाच्या अलीकडे संपतो. तिथे पाटी आहे: 'सायकल ट्रॅक समाप्त'. इथून पुढे सायकलवाल्यानं काय करावं, हे पाटीवर लिहिलेलं नाही. बहुधा वाफ व्हावं. चौकाच्या पलीकडे शाळा आहे आणि शाळेसमोर माझा सख्खा भाऊ आहे. तसाच हिरवा. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नाही. मी एका विभागाचा, तो दुसऱ्या विभागाचा आणि चौक तिसऱ्याच विभागाचा. तिन्ही विभाग एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर आहेत म्हणे.

माझ्या कडेला, फरशीवाल्यांच्या बंगल्याला लागून, रस्त्याच्या पातळीवर एक खोली आहे. खिडकी मोठी, कायम उघडी. आत लांब टेबल, त्यावर दिवा, बारीक कानशी, मेणाच्या पट्ट्या. आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. ओळीनं मांडलेले, दिवसभर माझ्याकडे बघून दात विचकणारे. तिथे एक बाई कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, बाई दात घडवतात. काम इतकं नेटकं की लावणाराही विसरून जावा. त्यांना एक मुलगी. एका जागी बसायची नाही म्हणून नाव पडलं भिंगरी. घरात दोघीच.

भिंगरीला एकच ध्यास होता. शाळेत एकटीनं जायचं, स्वतःच्या सायकलवर, व्हॅनच्या काकांची वाट न बघता. आईनं कबूल केलं, पण आधी तालीम घेतली. रविवारी सकाळी दोघी बाहेर पडायच्या. भिंगरी लाल सायकलवर, आई मागून चालत, हातात कानस तशीच.

"गाडी आली. आता?"

"थांबायचं. मागे बघायचं. हात दाखवायचा. मग निघायचं."

"आणि चौकात?"

"उतरायचं आणि हातात धरून न्यायची. आई, किती वेळा?"

"तुला कंटाळा येईपर्यंत. मग आणखी एकदा."

मित्रांनो, लहान पोरीला सायकल शिकवताना आधी भिऊन वळायला शिकवावं लागतं, हे मी निमूट ऐकत होतो. मला कान झाकता येत नाहीत.

सोमवारी भिंगरी एकटी निघाली. खिडकीतून आईनं हात केला. काळ्या चौकोनापाशी आल्यावर ती थांबली, मागे पाहिलं, हात दाखवला आणि निघाली. शिकवलेलं सगळं तिनं केलं. फक्त गाडीत फरशीवाले बसलेले आहेत आणि फोन संपवून ते दार उघडणार आहेत, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दार उघडलं. भिंगरी त्यावर आपटून रस्त्यात तोंडावर पडली. मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरनं कचकन ब्रेक दाबला, म्हणून ही गोष्ट मी अजून सांगू शकतो.

माणसं जमली. माणसं जमली की प्रश्न जमतात.

"हेल्मेट होतं का?"

"एवढ्याशा पोरीला रस्त्यावर सोडतात का?"

"आई काय करत होती?"

आई धावत आली होती आणि लेकीच्या तोंडाला पदर लावून बसली होती. गाडी तिथे काय करत होती, हे मात्र एकानंही विचारलं नाही. गाडी तिथे असतेच. तिला प्रश्न विचारणं म्हणजे झाडाला विचारण्यासारखं.

फरशीवाले दुष्ट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. ते पांढरेफटक पडले. त्यांनीच दोघींना गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं, तिथे ताटकळत बसले, औषधं आणून दिली आणि घरी सोडलं. मग ती गाडी त्यांनी परत त्याच जागी लावली.

भिंगरीचे पुढचे दोन दात गेले. दुधाचे नव्हेत, कायमचे.

डॉक्टरांनी माप घेतलं आणि ते नेहमीप्रमाणे या खोलीत आलं. त्या दिवशी बाईंनी खिडकी लावून घेतली. एरवी ती कधीच लागत नसे. काचेतून मला एवढंच दिसलं की दिव्याखाली एक छोटा जबडा होता आणि बाई कानस हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. मग कामाला लागल्या. काढता-घालता येणारे दोन दात त्यांनी घडवले. ते इतके बेमालूम जमले की वर्गातल्या मुलींना कळलं नाही. पण भिंगरी आता व्हॅननं जात होती आणि लाल सायकल खोलीत प्लास्टरच्या पोत्यांमागे उभी होती. "पुन्हा बसणार का?" असं आईनं एकदाच विचारलं. भिंगरी म्हणाली, "नको." न फिरणारी भिंगरी मी पहिल्यांदा पाहिली.

बाईंनी तक्रार केली आणि साहेब स्थळपाहणीला आले. काळ्या चौकोनात नेहमीप्रमाणे गाडी होती, म्हणून साहेबांनी कडेकडेनं पाहणी केली. बाई खोलीतून बाहेर आल्या आणि हातातला छोटा जबडा त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"हे काय?" साहेब दचकले.

"माझ्या मुलीचं माप."

"बाई, तुमच्या भावना आम्हाला समजतात."

"मी भावना कुठे दाखवतेय? माप दाखवतेय. इथे दोन दात मावतील एवढी पोकळी होती, ती मी भरली. तुमची एक गाडी मावेल एवढी आहे. ती कधी भरताय?"

साहेबांची दातखीळ बसली. जबडा मात्र उघडाच होता. मग त्यांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, रंग नाही तिथे ट्रॅक नाही. ट्रॅक नाही तिथे गाडी लावायला मनाई नाही. म्हणजे गाडी नियमात आहे."

"आणि मुलगी?"

"मुलगी ट्रॅकच्या बाहेर होती ना त्या वेळी."

हे ऐकून मला भेगा पडल्या. उन्हानं पडल्या असं नंतर कोणीतरी लिहिलं.

थोड्याच दिवसांत निर्णय आला. अपघात ट्रॅकवर गाडी असल्यामुळे झाला असता, तर गाडी हलवावी लागली असती. म्हणून तो ट्रॅकमुळे झाला असं ठरलं. लोकांच्या सुरक्षेसाठी मला काळा रंग फासून मिटवून टाकायचं होतं. आयुष्यात माझ्याबाबतीत एवढी चपळाई कोणी दाखवली नव्हती.

आदल्या संध्याकाळी बाई दारोदार फिरल्या. पाव पोचवणारा, पेपर टाकणारी, हॉस्पिटलातल्या नर्स, पोस्टमन, टँकरला ब्रेक लावणाऱ्या ड्रायव्हरची बायको. ज्याच्याकडे सायकल होती त्याला त्या भेटल्या. काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. सकाळी मला फक्त वजन कळलं. या टोकापासून त्या पाटीपर्यंत माझ्या अंगावर सायकली उभ्या होत्या. चाकाला चाक लावून, काहींवर तर खोळसुद्धा घातलेली.

टोळी आली. मुकादम तोच, डबे या वेळी काळे. त्यानं या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं आणि खिडकीपाशी आला.

"कोणाच्या आहेत हो या? काढायला सांगता का?"

बाईंनी दातावरून नजर काढली नाही. "झोपल्यात त्या. उठवलं तर चिडतात. तुम्ही कडेकडेनं मारा ना."

मुकादम बघत राहिला. मग त्याला आठवलं, कारण त्याच्या मिशा हलल्या. त्यानं साहेबांना फोन लावला. "साहेब, उभी वाहनं आहेत... हो, सगळ्या ट्रॅकवर... नाही साहेब, हात कसा लावणार? नियम आहे ना... कडेनं? कडेनं मारायला कडच नाही साहेब." फोन ठेवून तो फुटपाथवर बसला, टोळीसाठी चहा मागवला आणि चहा संपल्यावर डबे उचलून गेला.

तेवढ्यात फरशीवाले दुकानात जायला निघाले. गाडीच्या मागे सायकल, पुढे सायकल. पुढची छोटी, लाल, वाकलेल्या घंटीची.

"ही कोणाची? काढा आधी! काय तमाशा लावलाय!"

खोलीच्या दारात भिंगरी उभी होती. काकांचा आवाज खाली आला.

"बाळा, मला दुकानात जायचंय गं."

"मला पण शाळेत जायचं होतं, काका."

काका गाडीत जाऊन बसले. भिंगरीनं सायकल बाजूला घेतली. गाडी निघाली, कोपऱ्यावर वळली. मग भिंगरीनं सायकल त्या काळ्या चौकोनात ढकलत नेली, मधोमध स्टँडवर लावली, एकदा हँडल सरळ केलं आणि दप्तर आणायला आत गेली.

संध्याकाळी फरशीवाल्यांनी रस्त्यावर दोन चकरा मारल्या. शेवटी फाटक उघडलं आणि गाडी बंगल्यात घेतली. मित्रांनो, त्यांच्या बंगल्याला पोर्च होता. पहिल्यापासून होता. त्यात फरशांचे नमुने ठेवलेले होते.

आता तुम्हाला वाटेल, गोड झालं सगळं. काही गोड झालेलं नाही. पोकळी अजून काळीच आहे. सायकली हलल्या की गाडी पुन्हा येईल, म्हणून तिथे आळीपाळीनं कोणी ना कोणी आपली सायकल लावून चालत कामावर जातं. भिंगरी संध्याकाळी लाल सायकल घेऊन माझ्यावरून पाटीपर्यंत येते, उतरते, चौकातल्या गाड्यांपलीकडे दिसणाऱ्या माझ्या भावाकडे बघते आणि वळून परत येते. सकाळी व्हॅननंच जाते.

अशा कहाणीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी हात जोडून म्हणायचं असतं, की आमची निगा राखा. मी म्हणणार नाही. मला रंगाचा हात नको, फलक नको, फीत तर मुळीच नको. मला चौक ओलांडून भावाला भेटायचं आहे आणि माझ्या अंगावर चढता येणार नाही असा कठडा हवा आहे. हे मागून मिळत नाही, हे मला कळलं आहे. तेव्हा मागू नका, मित्रांनो. उभे राहा. एका आईनं आपल्या लेकीची पोकळी एका टेबलावर बसून भरली. माझीही आयांनीच भरायची असेल, तर ती तीन विभागांची इमारत कशासाठी बांधली आहे, एवढं तरी कोणीतरी जाऊन विचारा. आणि जाताना सायकलनं जा. गाडी लावायला तिथे जागा नाही. साहेबांच्या गाड्या असतात.